ताईला काम कसं सांगायचं

मी नापास झाले त्याचं कारण ऐकून हे इतके हसले की त्यांना पिकअप रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली.

"म्हणजे काम जास्त केलंस म्हणून नापास?"

"हो."

"आणि दुसऱ्याला काम सांगितलं नाहीस म्हणून?"

"हो म्हटलं ना."

"घरी मला हुकूम सोडताना कधी अडलेली बघितली नाही तुला. तिथेच बरी दातखीळ बसते."

एरवी मीही हसले असते. पण दिवसभर उभी राहून पिंडऱ्यांवर मोज्यांचे वण उठले होते, सकाळच्या पोळीनंतर पोटात काही नव्हतं, आणि चार वर्षांच्या अभ्यासाचा शेवट असा व्हावा याचं मला हसू येत नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. मागे शिडी, गॅसचा सिलिंडर आणि कुणाच्या तरी घरून उतरवलेला जुना एसी खडखडत होता. हे एसी दुरुस्तीच्या कामावर आहेत. मस्कतच्या उन्हाळ्यात एसीवाल्याला आणि नर्सला मरायला फुरसत नसते, असं ते म्हणतात. मी तेव्हा नर्स झाले नव्हते, पण फुरसत मलाही नव्हती.

आधीचं थोडं सांगायला हवं. मी मूळची चिपळूणकडची. लग्नानंतर ह्यांच्या मागोमाग इथे आले आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर अल् खुवैरच्या एका खासगी हॉस्पिटलात लागले. कागदावर आम्हाला नर्सिंग असिस्टंट म्हणायचे. आपल्या भाषेत आया. पेशंटला अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची, बेडपॅन द्यायचं नि न्यायचं, चादरी बदलायच्या. काही वर्षं अशी गेल्यावर हॉस्पिटलने एक योजना काढली. ज्या आयांची बारावी सायन्समधून झाली आहे त्यांनी काम करता करता नर्सिंगची पदवी घ्यायची. चार दिवस वॉर्ड, दोन दिवस कॉलेज, पगार चालू, फी हॉस्पिटल भरणार. बदल्यात पास झाल्यावर काही वर्षं इथेच राहायचं. ऐकायला इतकं सोपं वाटलं की मी सही करताना पेनसुद्धा नीट धरलं नव्हतं.

त्या चार वर्षांचं मला आज काय आठवतं म्हणाल तर झोप. न मिळालेली झोप. मी सिग्नलला झोपले आहे, कॉलेजच्या प्रसाधनगृहात भिंतीला टेकून झोपले आहे, भेंडी चिरता चिरता हृदयाच्या झडपांची नावं म्हणत असताना मधल्या एका झडपेवर डुलकी लागून बोट कापलं आहे. महिन्यातली एखादी पाळी सोडली तर शुक्रवार हा सुट्टीचा वार, पण त्या दिवशी कपडे, भाजी, आठवड्याचं वाटण आणि निबंध. निबंध ही कॉलेजची सर्वांत वाईट खोड. दर आठवड्याला लिहायचं, आज वॉर्डात काय घडलं, तुम्हाला काय वाटलं, त्यातून काय शिकलात. इंग्रजीत. थकले, एवढंच वाटलं, असं लिहिलं तर मार्क मिळत नाहीत. मग मुलीला तपासायला द्यायचे. ती इथल्या इंडियन स्कूलला, नववीत. घरात मराठी समजते तिला, बोलताना मात्र पायरी चुकल्यासारखी अडखळते.

"आई, तू हे सगळं सेम लिहितेस. आय वॉज हॅपी टू लर्न. तू हॅपी नव्हतीस. तू त्या दिवशी बाथरूममध्ये... म्हणजे रडलीस."

"ते लिहू?"

"मिसला आवडेल," ती म्हणाली. मी लिहिलं नाही. रडणंसुद्धा मार्कांना लावायचं म्हणजे फारच झालं.

त्यात गणवेशाची गंमत. आयांचा गणवेश शेवाळी, विद्यार्थिनींचा पांढरा, नर्सचा गडद निळा. चार दिवसांतले दोन दिवस मी शेवाळी घालून आयाचं काम करायचं आणि दोन दिवस पांढरा घालून नर्सचं काम शिकायचं, असा नियम. वॉर्ड तोच, पेशंट तेच, मीही तीच. पांढरा घालून औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी राहिले की पलंगावरून हाक यायचीच, कारण काल त्याच बाईला मी बेडपॅन दिलेलं असायचं. "बाजूला ठेव ते, आधी इकडे ये." आणि मी जायची. न जाऊन सांगते कुणाला? माणूस ताटकळत पडलेलं बघून मला औषधाची मात्रा सुचत नाही.

आता ताई. ताई म्हणजे माझ्या आधीपासून त्या वॉर्डात असलेली आया. वसईची, ख्रिस्ती, माझ्याहून बरीच मोठी. नवरा लवकर गेला, मुलगा गावाला वाढवला, तो आता कामाला लागला, तरी ह्या इथेच. मी पहिल्या दिवशी वॉर्डात आले तेव्हा घाबरलेली कोंबडी होते. ताईंनी मला एका पलंगापाशी नेलं आणि शिकवलं की अंगाने भारी बाईला कुशीवर वळवायचं तर हातांनी ओढायचं नाही. खाली आडवी चादर घालायची, गुडघा पलंगाला टेकवायचा, आणि जोर पाठीतून नाही, मांडीतून काढायचा. पडल्या पडल्या केस कसे धुवायचे, लाज वाटणाऱ्या बाईला पुसताना गप्पा कसल्या मारायच्या, हे सगळं त्यांचं. नर्सिंगच्या कॉलेजात मला त्यातलं बरंचसं पुन्हा शिकवलं, तेव्हा मी मान डोलावली आणि मनात ताईंना नमस्कार केला.

दुपारी आम्ही दोघी चादरींच्या खोलीमागच्या पँट्रीत बसून जेवायचो. खाली पुठ्ठा, त्यावर दोन डबे. ताईंच्या डब्यात वर्षभराचा बाटलीतला मसाला घातलेलं काहीतरी लालभडक, माझ्यात बहुतेक कालचं. त्यांनी माझ्या डब्यात न विचारता वाढायचं आणि मी त्यांच्यात. माझ्या योजनेचा कागद आला तेव्हा त्यांनीच तो माझ्या पुढ्यात सरकवला होता.

"भर."

"आणि तुम्ही?"

"माझं आता काय गो. गुडघे गेले, कंबर गेली. तू भर. पन्नाशीनंतर ह्या कामात बाई टिकत नाही. माझ्याकडे बघ आणि भर."

मला पदवी का हवी होती, याचं खरं उत्तर हेच आहे. सेवा, ध्येय वगैरे निबंधात लिहिलं. खरं म्हणजे मी ताईंना रोज संध्याकाळी कमरेला पट्टा आवळताना बघत होते आणि मला तो पट्टा नको होता.

शेवटच्या वर्षी शेवटची परीक्षा असते ती वॉर्डातच. एका पाळीपुरते तुमच्याकडे काही पेशंट सोपवतात आणि नर्स म्हणून सगळं तुम्ही चालवायचं. बघायला आमच्या वॉर्डाची सीनिअर सिस्टर, केरळची, आणि कॉलेजच्या ओमानी मिस. मिस वयाने लहान, काळ्या पायघोळ अबायावर पांढरा कोट, आवाज अगदी हळू. त्या रागावत नाहीत. नुसत्या बघतात, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट.

पहिल्या खेपेला औषधं बरोबर दिली, ड्रेसिंग बरोबर केलं. मग जेवणाच्या थोडं आधी पाच नंबरच्या पलंगावरच्या बाईला अंथरुणातच शी झाली. ती अंगाने भारी, लकव्याने एक बाजू गेलेली, बिचारी तोंड लपवायला लागली. ताई पलीकडे दुसऱ्या पेशंटची अंघोळ उरकत होत्या. मी पडदा ओढला, हातमोजे चढवले आणि साफ करायला लागले. छान साफ केलं. पावडर लावली, केससुद्धा विंचरले. बाहेर आले तर जेवणाची गाडी येऊन गेली होती आणि दोन नंबरची मधुमेहाची म्हातारी, जिला जेवणाआधी साखर तपासून इन्सुलिन द्यायचं होतं, ती भाताचा शेवटचा घास खात होती. सिस्टरने पुढे होऊन सांभाळून घेतलं, म्हातारीला काही झालं नाही.

"तू पडद्याआड होतीस," मिस नंतर ऑफिसात म्हणाल्या. "तेवढा वेळ बाकीच्या पेशंटकडे कोण बघत होतं?"

मिसनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"तुझ्या हाताखाली मदतनीस होती. तिला का सांगितलं नाहीस?"

ह्याचं उत्तर मी इंग्रजीत काय देणार होते? तिला म्हणजे ताईंना. ज्यांनी मला चादर धरायला शिकवली त्यांना मी म्हणू, की जा, पाच नंबरची घाण काढा? आमच्याकडे थोरल्या जावेने पाण्याचा तांब्या मागितला तर धाकटी देते; धाकटीला हवा असेल तर ती स्वतः उठते. मी तशीच वाढले. दुसऱ्याला सांगून आशेवर बसण्यापेक्षा आपण केलेलं बरं, हे आईचं वाक्य. ते वाक्य घेऊन मी नापास झाले होते. सिस्टर बाहेर आल्यावर मला तिच्या हिंदीत म्हणाली, "तुम काम में फर्स्ट क्लास, मगर नर्स नहीं बना अभी. नर्स को आँख खुला रखने का है. हाथ में बेडपॅन रखेगा तो आँख किधर जाएगा?"

आणखी एक संधी होती. तीही गेली की खलास. परत शेवाळी गणवेश, तोही कायमचा, आणि चार वर्षांचं पाणी.

दुसऱ्या दिवशी पँट्रीत मी ताईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या मला समजावतील, देव आहे वगैरे. त्या भडकल्या.

"म्हणजे माझ्यामुळे नापास झालीस?"

"तुमच्यामुळे नाही हो."

"मग कुणामुळे? मी तिकडे होते ना? हाक मारायला तोंड नव्हतं?"

"तुम्हाला कसं सांगणार?"

"कसं म्हणजे? बाकीच्या सिस्टर सांगतात तसं. काल आलेली पोरगी सांगते मला, सिस्टर म्हणून ऐकते ना मी? तुझंच ऐकणार नाही का?" त्यांनी डब्याचं झाकण दाणकन लावलं. "चार वर्षं तुझ्या पाळ्या बदलून घेतल्या त्या काय ह्यासाठी?"

हे खरं होतं. कॉलेजच्या परीक्षा आल्या की ताई माझी शुक्रवारची पाळी करायच्या आणि स्वतःचं चर्च बुडवायच्या. इथे चर्चला जायचा वार शुक्रवारच. मी मान खाली घालून भात खाल्ला. त्यांच्या डब्यातलं त्यांनी त्या दिवशी वाढलं नाही.

मग ताईंनी माझी तालीम घ्यायला सुरुवात केली. हसू नका. जेवून झालं की म्हणायच्या, "सांग, मला काम सांग." मी म्हणायची, "ताई, तुम्हाला जरा वेळ असेल तर..." त्या म्हणायच्या, "मला वेळ नाही. परत सांग." मी, "ताई, प्लीज, चार नंबर..." "प्लीज कशाला? भीक मागतेस?" एकदा मी खेकसून सांगितलं तर म्हणाल्या, "आता सासू झालीस. सिस्टर हो, सिस्टर." घरी हे म्हणाले, माझ्यावर सराव कर. मी त्यांना लसूण सोलायला सांगितली, त्यांनी चुपचाप सोलली, आणि त्याने मला काडीचाही फायदा झाला नाही. नवऱ्याला सांगणं निराळं.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी बाहेर इतकं तापलं होतं की पिकअपच्या दाराला हात लावता येत नव्हता. वाटेत मदिनत सुलतान काबूस भागातल्या शाळांची गर्दी लागली आणि मला वाटलं, उशीर झाला तर बरं, आपोआप सुटका होईल. उशीर झाला नाही. हे सोडून जाताना एवढंच म्हणाले, "पास नाही झालीस तरी मी तुला घ्यायला येणारच आहे." त्याने उलट रडू आलं.

सकाळ बरी गेली. पाच नंबरवर तीच लकव्याची बाई होती, दोन नंबरवर मधुमेहाची दुसरी एक आजी. ती इंजेक्शन घेतल्यावर नीट जेवत नाही, असं सकाळी पाळी बदलताना मला कळलं होतं. मध्यान्हीला आजींना इन्सुलिन दिलं, जेवणं वाटून झाली, गाडी परत गेली, मी औषधांची ट्रॉली घेऊन निघाले आणि पाच नंबरवरून वास आला. बाईने माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. माझा हात आपोआप हातमोज्यांच्या खोक्याकडे गेला. मिस खिडकीपाशी उभ्या होत्या.

वॉर्डात आया दोन असतात. दुसरी एका पेशंटला एक्स-रेला घेऊन गेली होती. ताई दाराशी घडी केलेल्या चादरी घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांनी मला बघितलं होतं. त्या हलल्या नाहीत. स्वतःहून पुढे आल्या असत्या तर माझी सुटका झाली असती, पण त्या मुद्दाम थांबल्या होत्या.

"ताई," मी म्हटलं. आवाज कुणा दुसरीचा निघाला. "पाच नंबर साफ करून घ्या."

"यस सिस्टर," ताई म्हणाल्या.

मी सांगून टाकलं आणि पळाले. खरोखर पळाले म्हणायला हरकत नाही. ट्रॉली जवळजवळ ढकलतच पलीकडच्या ओळीत नेली. मागे पडद्याच्या कड्या सरकल्या. मग पाण्याचा आवाज. मग पलंग करकरला, आणि ताईंचा तो हुंकार आला, मांडीतून जोर काढताना येतो तसला, पण मोठा. मागची परीक्षा सोडली तर त्या पलंगावर आम्ही नेहमी दोघी असायचो. एकीने वळवायचं, दुसरीने पुसायचं. माझे हात ट्रॉलीवर होते आणि कान पडद्यामागे. जावंसं वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, पाय वळले होते.

तेवढ्यात दोन नंबरच्या आजीकडे लक्ष गेलं. आजी शांत झोपल्या होत्या. फारच शांत. कपाळावर घाम होता, एसी अंगावर येत असताना. मी हात लावला तर गार. हाक मारली तर डोळे उघडले, पण मला ओळखल्यासारखं दिसेना. बोट टोचून साखर बघितली, ती खाली गेलेली. ताटलीवरचं झाकण उचललं, जेवण तसंच. आजींना गिळता येतंय हे बघून त्यांना उठवून बसवलं, साखर घातलेला ज्यूस घोट घोट पाजला, सिस्टरला हाक मारली, डॉक्टरला बोलावलं. थोड्या वेळाने पुन्हा तपासलं, साखर चढली होती. आजींनी माझ्याकडे नीट बघितलं, मनगट धरलं आणि म्हणाल्या, "खलास, या बिन्ती, खलास," म्हणजे पुरे आता, पोरी, तो गोड ज्यूस. मी पडद्याआड असते तर ही बाई झोपलीय असं म्हणत सगळे पुढे गेले असते.

त्यानंतर मी पाच नंबरचा पडदा बाजूला केला, कारण सांगितलेलं काम झालं का हे बघणंही नर्सचंच काम. पेशंट स्वच्छ, कुशीवर, पाठीशी उशी, चादरीला एक सुरकुती नाही. ताई पलंगाचा कठडा धरून उभ्या होत्या. दुसरा हात कमरेवर. मी जवळ गेले तशा त्या एक पाऊल मागे सरकल्या आणि पलंगाजवळची जागा त्यांनी मला मोकळी करून दिली. काम दाखवायला इतर सिस्टरना देतात तशी. इतक्या वर्षांत त्या माझ्यासाठी कधी मागे सरकल्या नव्हत्या. आम्ही कायम पलंगाच्या दोन बाजूंना असायचो.

"कंबर?" मी हळूच विचारलं.

"तुझी मॅडम बघते आहे," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "पुढे जा."

मिसनी मला संध्याकाळी ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, पास. मग कागद बाजूला ठेवला. "पण एक गोष्ट. तू तिला काम सांगितलंस, चांगलं केलंस. ती एकटी आहे हे बघितलंस का? त्या पेशंटला एकटीने वळवायचं नाही, हे तुला ठाऊक होतं."

"आजी..."

"आजी नंतर. तू सांगितलंस तेव्हा आजींचं तुला माहीत नव्हतं. तू सांगितलंस आणि पाठ फिरवलीस. तुला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून तू तिच्याकडे बघितलंच नाहीस." त्या नेहमीसारख्या हळू बोलत होत्या. "काम सांगायचं म्हणजे ते माणूस आता तुझ्या जबाबदारीवर. पेशंटइतकंच."

पास झाल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला असेलही, कुठेतरी थकव्याच्या खाली. मी पँट्रीत गेले. उशीर झाला होता, ताई थांबल्या होत्या. पुठ्ठा अंथरलेला होता, पण त्यावर एकच डबा होता. दुसरा, झाकण लावलेला लहान डबा त्यांनी माझ्या हातात दिला.

"कळलं मला. सिस्टर सांगून गेली. हे घे, तिकडे सिस्टरांच्या खोलीत बसून खा."

"इथेच बसते की."

"नाही बाय."

"ताई, असं काय करता?"

"इथे बसलीस तर उद्या मला काम कसं सांगशील?" त्यांना वाकता येत नव्हतं, भिंत धरून, एकेक गुडघा मोडत त्या पुठ्ठ्यावर बसल्या. "आज सांगितलंस तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. मेल्यासारखं झालं होतं. रोज तसं करशील तर पेशंट मरतील. जा, तिकडे बस. सवय कर."

मला खूप वाईट वाटलं. रागही आला, त्यांचाच. मी सिस्टरांच्या खोलीत गेले. तिथे टेबल आहे, खुर्च्या आहेत, चहाचं यंत्र आहे, थंडगार आहे. डब्यात सुक्या बोंबलाचं कालवण आणि चार फुगे होते. ते गोल, तळलेले, किंचित गोड फुगे ताईंकडे फक्त नाताळात आणि लग्नाकार्यात होतात. म्हणजे ते त्यांनी आदल्या दिवशीच केले होते, मी पास होणार की नापास हे कळायच्या आधी. मी एकटीने सगळे खाल्ले आणि रडले. निबंधात लिहावं असं ते रडणं नव्हतं.

रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही आपल्याकडची रीत. पास झालं की पेढे द्यायचे, तीही रीत. माझ्याकडे काही नव्हतं. चहाच्या यंत्राजवळ साखरेच्या पुड्या होत्या, त्यांतल्या मूठभर धुतलेल्या डब्यात टाकल्या आणि ताईंना नेऊन दिल्या. त्यांनी झाकण उघडून बघितलं. एक पुडी फोडून तोंडात टाकली.

"चोरीची साखर," त्या म्हणाल्या, "पण गोड आहे." आणि पुन्हा कमरेला हात लावला.

ताई त्यानंतर काही दिवस आल्या नाहीत. कंबर धरली होती. त्या दिवशी मी तिकडे बघितलं असतं तर हे टळलं असतं का, हे मी स्वतःला विचारत राहिले. हे म्हणाले, झोप आता. निळा गणवेश शिवून आला तेव्हा मुलीने माझा फोटो काढला आणि म्हणाली, "आई, तू टायर्ड दिसतेस, पण... काय म्हणतात... छान."

निळ्या गणवेशातल्या पहिल्या सकाळी ताई कामावर परत आल्या होत्या. पट्टा गणवेशाच्या वरूनच बांधलेला. मी कामं वाटून देत होते. पाच नंबरवरची बाई अजून तिथेच, तिची अंघोळ व्हायची होती. दुसरी आया पुन्हा एक्स-रेला गेलेली. ताई पाण्याचं भांडं घेऊन पडद्याकडे निघाल्या.

"ताई, थांबा."

"सिस्टर, तोवर मी हळूहळू सुरू करते."

"नाही. दुसरी येईपर्यंत त्या पलंगाला हात लावायचा नाही."

"पण अंघोळीला उशीर..."

"होऊ दे. मी सांगते आहे." ह्या वेळी मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. पलंगाशेजारी नातेवाइकांसाठी ठेवलेली खुर्ची मी पायाने पुढे ओढली. "इथे बसा."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग दाराकडे, कुणी बघतं आहे का म्हणून. पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"यस सिस्टर," त्या म्हणाल्या, आणि बसल्या.

इतक्या वर्षांत वॉर्डात मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि लकव्याच्या बाईशी मोडक्या अरबीत काहीतरी बोलायला लागल्या. मी ट्रॉली घेऊन दोन नंबरकडे गेले.